वेचलेलं पितळ

पितळ चुंबकाला चिकटत नाही. नेमबाजीच्या मैदानावर माणसाला कमरेतून वाकावं लागतं ते एवढ्या एका कारणामुळे. काडतुसाची पुंगळी लोखंडाची असती तर चाकांवर बसवलेला लांबट चुंबक मैदानभर फिरवून काम उरकता आलं असतं. पोलादी पुंगळ्यांची काडतुसं आहेतही. रशियात ती ढिगाने बनली आणि अमेरिकेत स्वस्त माल म्हणून खपली. पण वापरलेल्या पुंगळीत पुन्हा दारू भरून ती चालवणारा हौशी माणूस पोलादाकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याच्या हातातला चुंबक फिरतो तो नको असलेलं पोलाद बाजूला काढायला. हवं असलेलं पितळ जमिनीवर तसंच राहतं आणि त्यासाठी कुणाला तरी वाकावंच लागतं.

आमच्या मैदानावर ते वाकणं माझ्या वाट्याला आलं. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावाबाहेर एक जुना गन क्लब आहे. पत्र्याची लांब शेड, खाली खडी, पुढे गवत आणि गवताच्या टोकाला मातीचा उंच बांध. माझे शेजारी तिथले जुने सभासद. सगळं आयुष्य कारखान्यात लेथवर गेलेलं. हात अजून सुतासारखे सरळ चालतात, पण पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी वाकायला मनाई केली. मी नेमबाज नाही. या देशात बंदुका जितक्या सहज मिळतात ते पाहून मला आजही धसका बसतो आणि हे मी त्यांना सांगितलेलंही आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पुंगळ्या वेचायला येशील का?" शेजारधर्म म्हणून गेलो, आणि मग जातच राहिलो.

पितळच का, हे त्यांनी मला कारखान्यातल्या माणसाच्या पद्धतीने, म्हणजे धातूच्या बाजूने समजावलं. काडतुसाच्या पितळात 70 भाग तांबं असतं आणि 30 भाग जस्त. चाप ओढला की आतली दारू पेटते. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलात हा दाब दर चौरस इंचाला 35,000 पौंडांपर्यंत चढू शकतो. त्या दाबाने पुंगळी फुगते, चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते आणि पेटलेला वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ देत नाही. गोळी नळीबाहेर पडली की दाब उतरतो, पुंगळी किंचित आक्रसते आणि म्हणून सहज बाहेर ओढता येते. निव्वळ तांबं फुगून तसंच राहतं, पोलाद पुरेसं फुगत नाही. पितळ फुगतंही आणि परतही येतं, म्हणून ते पुन्हा वापरता येतं. सगळी वेचावेच या एका गुणाच्या आधारावर चालते.

या धातूचा एक दोष मात्र आपल्या पावसाळ्याने उजेडात आणला. ब्रिटिश फौजा हिंदुस्थानात असताना पावसाळ्यात लष्करी हालचाली थंडावत, आणि काडतुसं घोड्यांच्या पागांमध्ये साठवून ठेवली जात. पाऊस सरल्यावर पाहावं तर बऱ्याच पुंगळ्यांना चिरा गेलेल्या असत, विशेषतः जिथे पितळ गोळीभोवती आवळलेलं असे तिथे. दोष दमट हवेचा, असं बरीच वर्षं मानलं गेलं. 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी खरं कारण दाखवलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, आणि थंड असताना ओढून घडवल्यामुळे पितळाच्या अंगात राहून गेलेला ताण. मी ही गोष्ट शेजाऱ्यांना सांगितली तेव्हा ते मनापासून हसले. त्यानंतर पुंगळ्या धुवायला अमोनिया घातलेलं कुठलंही साबणपाणी वापरायचं नाही, हा नियम मला कधी समजावून सांगावा लागला नाही.

मैदानावरचे नियम कडक आहेत. फायरिंग लाईनच्या पुढे, गोळीबार सुरू असताना, पाऊलसुद्धा टाकायचं नाही. सगळ्यांनी बंदुका रिकाम्या करून, बोल्ट उघडे ठेवून, बाकांपासून मागे सरायचं आणि ‘सीझ फायर’ पुकारलं जायचं, तेव्हाच पुढे जाता येतं. शेजारच्या बाकाखालच्या पुंगळीला हात लावण्याआधी विचारायचं. बरेच लोक ‘मला नकोत, घ्या’ म्हणतात, पण न विचारता उचललेली एक पुंगळीही तिथे चोरी समजली जाते. काही लोक आपल्या पुंगळ्यांच्या बुडावर मार्करने रंगाचा ठिपका देतात. माझ्या शेजाऱ्यांचा ठिपका हिरवा आहे. स्पर्धांमध्ये मात्र वेळ वाया जाऊ नये म्हणून काही वेळा आधीच जाहीर होतं की आज कुणी पुंगळ्या वेचायच्या नाहीत. तशा दिवशी मुरलेल्या वेचणाऱ्यांचे चेहरे पाहावेत.

रिव्हॉल्व्हरवाल्यांना यातलं काही सोसावं लागत नाही. त्यांच्या पुंगळ्या चक्रातच राहतात, तळहातावर ओतून घ्यायच्या आणि डब्यात टाकायच्या. स्वयंचलित पिस्तूल किंवा रायफल मात्र प्रत्येक गोळीनंतर पुंगळी बहुधा उजवीकडे, थोडी मागे, चांगली काही फूट लांब भिरकावते. ती तापलेली असते. नवखा नेमबाज सैल गळ्याचा शर्ट घालून आला आणि एखादी पुंगळी त्याच्या गळ्यातून आत गेली, तर तो बंदूक हातात असतानाच नाचू लागतो, आणि मैदानावर याहून धोक्याचं दृश्य नाही. म्हणून टोपी घालायची आणि गळ्याचं बटण लावायचं.

आता वेचायच्या साधनांकडे येऊ. पहिलं साधन हात. त्यावर पातळ नायट्राइलचे हातमोजे, कारण पुंगळीच्या बुडात बसवलेल्या, दारूला ठिणगी देणाऱ्या प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि त्याची काजळी बोटांना लागते. वेचून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. दुसरं, म्हाताऱ्यांचं आवडतं साधन म्हणजे लांब दांड्याचा चिमटा, जो खरं तर कपाटाच्या वरच्या फळीवरचे डबे काढायला बनवला आहे. एका वेळी एक पुंगळी पकडायची, डोळ्यांनी नेम धरायचा, बादलीत सोडायची. त्याने पाठ वाचते, पण दुपार जाते. तिसरं, जमिनीवर आधीच अंथरलेली निळी ताडपत्री. नेम धरण्याआधी पुंगळ्या कुठे पडणार याचा अंदाज घ्यायचा आणि शेवटी चारही कोपरे धरून सगळं बादलीत ओतायचं. वाऱ्याच्या दिवशी ही ताडपत्री चार दगडांनाही जुमानत नाही. चौथं, बंदुकीलाच वेल्क्रोने अडकवलेली जाळीची पिशवी, किंवा उजव्या हाताला तिकाटण्यावर उभी केलेली जाळी. पुंगळी जमिनीवर पडूच द्यायची नाही, हा त्यामागचा विचार. पण पिशवीचं तोंड जरा चुकीच्या कोनात बसलं तर पुंगळी आपटून परत बंदुकीतच येते आणि बंदूक अडकते.

या सगळ्यांत मला आवडतो तो तारांचा पिंजरा. एका लांब दांड्याच्या टोकाला बारीक, लवचीक तारांचा लंबगोल पिंजरा बसवलेला असतो आणि तो जमिनीवर लोटला की गोल फिरतो. पुंगळीवर दाब पडला की दोन तारा बाजूला सरकतात, पुंगळी आत शिरते आणि तारा परत जवळ येतात. आत गेलेलं बाहेर पडत नाही. भरला की बादलीच्या काठावरच्या आकड्यात तारा फाकवायच्या, सगळं खाली ओतलं जातं. मुळात हा पिंजरा झाडाखाली पडलेले अक्रोड आणि पेकान वेचायला बनवला होता. बागायतदाराच्या पाठीसाठी केलेली युक्ती नेमबाजाच्या पाठीने उचलली, आणि मग पुंगळीच्या मापाप्रमाणे तारांमधलं अंतर कमी-जास्त करून वेगवेगळे पिंजरे विकायला आले. गवतावर तो अप्रतिम चालतो. खडीवर मात्र दर फेरीला मूठभर खडे घेऊन येतो, आणि पॉइंट टू-टूची इवलीशी पुंगळी मोठ्या पिंजऱ्याच्या तारांतून निसटून जाते. आमच्या शेडखाली खडी आहे आणि पुढे गवत. म्हणून शेजाऱ्यांनी पिंजरा घेतल्यावरही माझी नोकरी गेली नाही. गवत त्यांचं आणि खडी माझी, अशी वाटणी झाली.

घरी आल्यावर दुसरं काम सुरू होतं. नऊ मिलिमीटरची पुंगळी पॉइंट फोर-झिरोच्या पोटात जाऊन बसते, पॉइंट फोर-झिरो पॉइंट फोर-फाइव्हच्या पोटात. त्या एकातून एक काढाव्या लागतात. मग एकावर एक ठेवलेल्या, लहान होत जाणाऱ्या भोकांच्या चाळण्यांमध्ये सगळं ओतून हलवायचं. तांदूळ निवडणाऱ्या आजीच्या नजरेने मग चिरलेल्या, दबलेल्या, पावसात काळ्या पडलेल्या पुंगळ्या बाजूला काढायच्या. उरलेल्या टंबलरमध्ये घालून काही तास फिरवायच्या. टंबलरमध्ये घासायला काय घालतात, तर मक्याच्या कणसांचा भुसा किंवा कुटलेल्या अक्रोडाच्या कवच्या. अक्रोडासाठी केलेल्या पिंजऱ्याने पुंगळ्या वेचायच्या आणि अक्रोडाच्या कवचीने त्या घासायच्या, ही साखळी मला फार आवडते. घासून निघालेलं पितळ देवघरातल्या समईइतकं लखलखतं आणि शेजारी ते तितक्याच निगुतीने कापडावर मांडून ठेवतात.

नंतर जुना प्रायमर ठोकून काढायचा, डायमध्ये दाबून पुंगळी मूळ मापावर आणायची, नवा प्रायमर, मोजून दारू, वर गोळी. इथे इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. प्रायमरच्या दोन पद्धती 1866 मध्ये जवळजवळ एकाच वेळी पुढे आल्या. एक ब्रिटिश लष्करातल्या एडवर्ड बॉक्सर यांची आणि दुसरी अमेरिकेच्या हायरम बर्डन यांची. बॉक्सरच्या पुंगळीला तळाशी मधोमध एकच भोक असतं, सुई घातली की जुना प्रायमर निघतो. बर्डनच्या पुंगळीला मध्ये उंचवटा आणि बाजूला दोन भोकं, त्यामुळे प्रायमर काढणं कटकटीचं. ब्रिटिश माणसाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन माणसाची युरोपात. अमेरिकेतला माणूस आज मैदानावर वाकतो, यात बॉक्सरच्या त्या एका भोकाचा मोठा वाटा आहे.

वेचण्यामागचं उघड कारण पैसा. काडतुसातली गोळी गेली, दारू जळली, प्रायमर फुटला. जे पुन्हा वापरता येतं ते पितळ, आणि काडतुसाच्या किमतीत त्याचा हिस्सा मोठा. 2020 च्या साथीत दुकानांतली काडतुसांची मांडणी रिकामी झाली तेव्हा आमच्या मैदानावर, एरवी कधी खाली न पाहणारे लोकही बादल्या घेऊन यायला लागले. 2009 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने लष्कराच्या वापरलेल्या पुंगळ्या विकण्याऐवजी तुकडे करूनच भंगारात द्यायच्या असं ठरवलं. तेव्हा दारू भरणाऱ्या हौशी लोकांनी आणि व्यापाऱ्यांनी एवढा गदारोळ केला की माँटानाच्या दोन सिनेटरांनी मध्ये पडून काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यायला लावला. स्वतः दारू भरून पैसे वाचतात का, हे मात्र शेजारी प्रामाणिकपणे सांगतात. पैसे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशांत जास्त गोळ्या झाडल्या जातात.

मला वेचण्याचं दुसरंच कारण माहीत होतं, आणि ते मी भारतातून घेऊन आलो होतो. कॉलेजात एनसीसीच्या फायरिंगला आम्हाला पॉइंट टू-टू रायफल आणि प्रत्येकी पाच गोळ्या मिळायच्या. पालथं पडून पाच गोळ्या झाडायच्या आणि उठताना पाच रिकाम्या पुंगळ्या हवालदार उस्तादांच्या हातात द्यायच्या. या पुंगळ्या पुन्हा भरता येत नाहीत. त्यांचा प्रायमर बुडाच्या काठातच भरलेला असतो, एकदा ठोकला की संपला. पैशाच्या दृष्टीने त्यांची किंमत मोडीपुरती. तरीही उस्ताद त्या पाच-पाचच्या ढिगात मांडून मोजायचे आणि वहीतल्या आकड्याशी ताळा जुळेपर्यंत कुणालाही चहा मिळायचा नाही. एक कमी भरली की अख्खी तुकडी गुडघ्यांवर. गवताचं पातं न् पातं बाजूला करून, मातीत बोटं घालून शोधायचं. तेव्हा हा मूर्खपणा वाटायचा. शस्त्र ज्याच्या हातात दिलं त्याने किती वेळा चाप ओढला याचा पुरावा त्याच्याकडूनच मागायचा, हे त्यामागचं तत्त्व कळायला वेळ लागला. पोलीस दलात आणि लष्करात हेच चालतं. खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावला 1964 पासून. तिथून मोजून निघालेलं काडतूस गोळी गेल्यावर पुंगळीच्या रूपाने पुन्हा मोजलं जातं.

आणि तिसरं कारण पोटाचं. अहिल्यानगरजवळ खारे कर्जुने गावच्या नावाने ओळखलं जाणारं के. के. रेंज आहे, जिथे रणगाड्यांच्या तोफांचा सराव चालतो. आजूबाजूच्या गावांतली गरीब माणसं तिथे भंगार वेचायला शिरतात. गोळ्यांचे तुकडे, पितळ, शिसं. त्यात न फुटलेला गोळाही असतो. तो फुटून माणसं गेल्याच्या बातम्या त्या भागात वर्षानुवर्षं येत राहिल्या आहेत. त्यांच्याकडे पिंजरा नाही, हातमोजे नाहीत, ‘सीझ फायर’ पुकारणारं कुणी नाही. पेनसिल्व्हेनियात वाकणं हा छंदाचा भाग, एनसीसीत शिस्तीचा. इथे पाठ वाकते ती किलोला मिळणाऱ्या भावासाठी. धातू तोच आहे. मोड घेणारा त्यात भेद करत नाही.

काही जागा मात्र अशा आहेत जिथे पुंगळी उचलायचीच नसते. अमेरिकेत शाळेत, बाजारात, प्रार्थनास्थळात गोळीबार झाला की पोलीस प्रत्येक पुंगळीशेजारी आकडा लिहिलेली छोटी पिवळी पाटी ठेवतात. फोटो घेतले जातात, अंतरं मोजली जातात, आणि तोवर कुणी पाय हलवत नाही. बातम्यांमध्ये ती पिवळ्या पाट्यांची रांग पाहिली की तिच्यातली नऊ मिलिमीटरची पुंगळी मला अनोळखी वाटत नाही. तेच माप, तेच पितळ. मारणाऱ्या पिनने बुडावर उमटवलेली खूण, पुंगळी बाहेर फेकणाऱ्या आकड्याने उठवलेला ओरखडा, यांवरून ती कुठल्या बंदुकीतून आली ते सूक्ष्मदर्शकाखाली सांगता येतं.

हीच विद्या एका जुन्या रणांगणावरही चालली. माँटानातल्या लिटल बिगहॉर्नच्या माळावर 1876 च्या जूनमध्ये लकोटा, शायान आणि अरापाहो योद्ध्यांनी अमेरिकी लष्करातल्या लेफ्टनंट कर्नल कस्टरच्या तुकडीचा पूर्ण नाश केला. कस्टरच्या बाजूचं कुणी सांगायला उरलं नाही, आणि ज्यांनी पाहिलं त्या योद्ध्यांच्या साक्षीवर गोऱ्या इतिहासकारांनी फारसा विश्वास ठेवला नाही. 1983 च्या ऑगस्टमध्ये तिथलं गवत वणव्यात जळालं आणि जमीन उघडी पडली. डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी 1984 आणि 1985 मध्ये स्वयंसेवकांच्या रांगा करून, मेटल डिटेक्टर घेऊन, माळ पिंजून काढला. यंत्र वाजलं की तिथे झेंडा रोवायचा, जागा नकाशावर घ्यायची, मगच पुंगळी उचलायची. पिनच्या खुणा जुळवून एकच बंदूक माळावर कुठून कुठे सरकली हे त्यांनी दाखवलं, आणि योद्ध्यांच्या हकिकतींना जमिनीनेच दुजोरा दिला. कस्टरच्या सैनिकांच्या कार्बाइनमध्ये तेव्हा तांब्याच्या पुंगळ्या असत, त्या तापलेल्या नळीत अडकत आणि चाकूने उकराव्या लागत, असं एक सबबीवजा कारण पराभवासाठी सांगितलं जाई. तशा ओरखडलेल्या पुंगळ्या फारच थोड्या निघाल्या. शंभराहून अधिक वर्षं पडून राहिलेलं तांबं आणि पितळ असं बोललं, ते कुणी घाईने वेचलं नव्हतं म्हणून.

या सगळ्यात पुंगळीची मर्यादाही मला दिसली, आणि ती सर्वांत कठोरपणे अमृतसरला. 13 एप्रिल 1919 रोजी जालियनवाला बागेत जनरल डायरच्या सैनिकांनी 1,650 फैरी झाडल्या. हा आकडा डायरनेच दिला, आणि सैनिकांनी वेचलेल्या रिकाम्या पुंगळ्या मोजून तो काढला गेला असावा, असं सांगितलं जातं. सतराशेला पन्नास कमी, इतका नेमका. मेलेल्यांची नावं गोळा करायचं काम सरकारने हाती घेतलं ते काही महिन्यांनी, आणि भीतीपोटी बरेच लोक पुढे आलेच नाहीत. सरकारी आकडा 379. काँग्रेसच्या चौकशीचा अंदाज सुमारे 1,000. शंभर वर्षं उलटून गेली तरी त्या बागेत किती माणसं गेली हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गोळ्या किती सुटल्या हे मात्र माहीत आहे, कारण पुंगळी झाडणाऱ्याच्या पायाशी पडते आणि ती मोजणं त्याच्याच हातात असतं. गोळी जिथे गेली तिथला हिशेब त्या वहीत येत नाही.

म्हणून एनसीसीच्या शिस्तीबद्दलचा माझा आदर आता जरा सावध झाला आहे. पाच दिल्या, पाच परत आल्या, ताळा जुळला, असं म्हणणारी वही झाडणाऱ्यापुरतीच खरी असते. अमृतसरला तिचा ताळा जुळला असेल. तरीही मोजणं सोडावं असं मला वाटत नाही. मोजलेला अर्धा हिशेब हातात असला तरच उरलेला अर्धा कुणीतरी मागू शकतो. या गोळीबाराची चौकशी करणाऱ्या हंटर कमिटीपुढे डायरला उत्तरं द्यावी लागली तेव्हा त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या आकड्यांत त्याचाच हा आकडा होता. न मोजलेल्या गोळ्यांबद्दल कुणाला काय विचारणार?

आमच्या मैदानावर हे कुणी विचारत नाही आणि कायद्याने विचारायची गरजही नाही. शेजारी पुंगळ्या वजनावर मोजतात. नऊ मिलिमीटरची एक चार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोला अडीचशेच्या आगेमागे. मी खडीतून वेचलेल्या पुंगळ्या बादलीत टाकताना पाच-पाच करून मोजतो. ही सवय बोटांत बसली आहे, ती जात नाही. एकदा त्यांनी विचारलं, "तराजू असताना मोजतोस कशाला?" मी म्हटलं, "तुमच्या तराजूला पितळ किती ते कळतं. चाप किती वेळा ओढला हे मला मोजूनच कळतं." ते काही बोलले नाहीत. त्यांची एक वही आहे, दारूचं वजन, गोळीचं वजन, पुंगळी कितव्यांदा भरली, हे सगळं टिपून ठेवायची. कारखान्यातल्या माणसाची नेटकी, आखलेली वही. हल्ली तिच्यात एक रकाना वाढला आहे. घरी निघताना गाडीत बसण्याआधी ते पेन काढतात आणि विचारतात, "तुझा आकडा?" मी सांगतो, ते लिहितात, आणि दर वेळी सांगतात की दारू भरायला या आकड्याचा काडीचाही उपयोग नाही.